प्रतिसाद: घोडा कुरणात अंगावर येतो

कुरणात सोडलं की घोडा अंगावर येतो, डांबरट झालाय, असं तुम्ही लिहिलंय, पण तो डांबरट वगैरे नाहीये हो, पावसामुळे दोन महिने बांधून, वर रोजची चंदी (दाणा) चालूच, मग सोडल्यावर तो दुगाण्या झाडणार नाहीतर काय करणार! आमचा सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणलेला चार वर्षांचा मारवाडी जातीचा घोडा असाच होता, मोरकी (तोंडाला बांधायची दोरी) घेऊन गेलं की शेपूट वर करून चौखूर उधळायचा आणि गोल फिरून परत थेट माझ्याकडेच, त्याला तो खेळ वाटायचा, माझी मात्र टरकायची.

पहिलं म्हणजे काम नाही त्या दिवशी हरभरा आणि भरडा कमी करा, चारा भरपूर द्या. सोडायच्या आधी लांब दोरीवर १५-२० मिनिटं लंजिंग, म्हणजे आपल्याभोवती गोल फिरवणं, दोन्ही बाजूंनी, पण सुरुवात चालीनेच, थंड अंगाने पळवलं तर लंगडतो. आणि तो आला की पळू नका, पळालात की तो मागे लागलाच. हात वर करून उभं राहायचं, आवाज खणखणीत, ओरडायचं नाही. पुढच्या खांद्याच्या बाजूला राहायचं, मागे अजिबात नाही.

हो, अजून एक, सोडताना त्याचं तोंड फाटकाकडे म्हणजे तुमच्याकडे वळवून मगच मोरकी काढा. मी तोंड कुरणाकडे ठेवून काढली आणि एक लाथ मांडीला चाटून गेली, नालाचा निळा चंद्र तीन आठवडे होता. दोर हाताला गुंडाळू नका, हे बायको अजून मला दर वेळी ऐकवते.

खच्ची केलाय की नाही ते लिहिलं नाहीत. वळू असेल तर गोष्ट वेगळी.