'सेंट्रल लिमिट थिअरम'ला मराठीत काय म्हणायचं?

भाच्याला एफवायचं स्टॅट्स शिकवतेय, त्यात हे प्रमेय आलंय (मूळ आकडे कसे का पसरलेले असेनात, पुरेशा मोठ्या नमुन्यांच्या सरासऱ्यांचा आलेख बहुतेक वेळा घंटेच्या आकाराचा होतो, ते). दहावीपर्यंत मराठी माध्यम त्यामुळे शब्द मराठीत सांगितला की पटकन डोक्यात शिरतं त्याच्या. कुठेतरी 'केंद्रीय सीमा प्रमेय' वाचलं आणि हा म्हणतो, मावशी, म्हणजे डेटाच्या मधल्या भागाची हद्द ना? दहावीत 'केंद्रीय प्रवृत्तीची परिमाणे' असतात ना, तिथून आलं असणार. तुम्ही कुठला शब्द वापरता?

प्रतिसाद : मी 'मध्यवर्ती सीमाप्रमेय' म्हणतो, आणि सीमाप्रमेय जोडूनच लिहितो. प्रमेय तसं जुनं, द म्वाव्र या गणितज्ञानं १७३३ मध्ये नाणेफेकीपुरतं काढलेलं, मग लाप्लासनं बरंच पुढे नेलं, पण हे नाव जॉर्ज पोल्या या गणितज्ञानं १९२० च्या जर्मन लेखात वापरलं. तिथे सेंट्रल हे लिमिटचं विशेषण नाहीच, अख्ख्या लिमिट थिअरमचं आहे, म्हणजे संभाव्यतेच्या शास्त्रात हे सीमाप्रमेय सगळ्यात महत्त्वाचं. आपण मराठीच्या पेपरात 'कवितेची मध्यवर्ती कल्पना' लिहायचो ना, तोच मध्यवर्ती. केंद्रीय म्हटलं की एक तर सरासरी आठवते नाहीतर दिल्ली :)

प्रतिसाद : शब्द पटला, पण माझ्या वर्गातली पोरं अडकतात ती वेगळ्याच ठिकाणी. नमुना तीसच्या वर गेला की डेटा नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकाराचा, होतो असं बिनधास्त लिहून येतात. अरे डेटा कशाला होईल! एक फासा लाख वेळा टाका, १ ते ६ सगळे साधारण सारखेच येणार, आलेख सपाटच राहणार. घंटेचा आकार येतो तो सरासरीच्या वितरणाला. दोन फाशांची बेरीज घ्या, ३६ पैकी ७ यायच्या ६ तऱ्हा आणि २ यायची एकच, झाला त्रिकोण. तीन घेतले की २१६ पैकी १० ला २७, ११ ला २७ आणि ३ ला फक्त १, आता कडा वाकायला लागल्या. तीस फाशांची सरासरी घेतलीत तर प्रमाण विचलन, म्हणजे आकडे मधल्या ३.५ पासून साधारण किती लांब पसरतात त्याचं माप, १.७१ वरून ०.३१ वर येतं, म्हणजे शंभरातल्या पंच्याण्णव वेळा ती साधारण २.९ ते ४.१ मध्येच सापडणार. हे एकदा फळ्यावर मांडून दाखवा, बाकी शब्द कुठलाही चालेल.

प्रतिसाद : डिस्ट्रिब्यूशनला 'वितरण' म्हटलं की मला आधी रेशन दुकान आठवायचं, पण खरंतर अर्थ तोच आहे की, एकूण संभाव्यता १, ती कुणाला किती वाटली त्याचा हिशोब. नॉर्मलसाठीचा 'प्रसामान्य' मात्र मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, सगळे नॉर्मलच म्हणतात, म्हणू देत.

मूळ धागाकर्ती : मध्यवर्ती सीमाप्रमेय, ठरलं! फासे पण घेते आता त्याच्यासाठी. पण मग तीस हा आकडा आला कुठून?

प्रतिसाद : प्रमेयात तीस नाहीच, तो अंदाजपंचे नियम. मूळ वितरण फाशासारखं दोन्हीकडून सारखं असेल तर दहा-बाराला पण छान आकार येतो, पगारासारखं एका बाजूला लांब शेपूट असलेलं असेल तर शंभर पण कमी पडतात. आणि कॉशी वितरण, म्हणजे दोन्हीकडे फार जाड शेपट्या असलेलं एक वितरण, तर हाताबाहेरचंच, त्याला मुळात सरासरी आणि प्रमाण विचलन दोन्ही नाहीत, त्यामुळे हजार निरीक्षणांची सरासरी काढा नाहीतर लाखाची, ती एकट्या निरीक्षणाइतकीच भरकटते.