मदत हवी आहे : फाउंड्रीतला खोकला, टीबी की सिलिकोसिस?

नमस्कार मंडळी. धागा मामांसाठी काढतोय, पण प्रश्न दोघांचा आहे. (सिलिकोसिस म्हणजे वाळूतल्या सिलिकाच्या बारीक धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार.)

मामा (वय ५२) कोल्हापूरजवळच्या शिरोली पट्ट्यातल्या एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाचा कारखाना) फेटलिंगला आहेत, कंपनीच्या पटावर. कास्टिंगला चिकटलेली वाळू आणि जादा धातू ग्राइंडरने काढायचा, हे काम. वर्षभर कोरडा खोकला, आता जिना चढतानाही दम लागतो. एक्स-रेत दोन्ही फुफ्फुसांच्या वरच्या भागात बारीक ठिपके. थुंकी निगेटिव्ह आली तरी टीबीची औषधं सुरू केली. कोर्स संपत आला, फरक शून्य. तुम्ही काम काय करता, हे एकाही डॉक्टरने विचारलेलं नाही.

शेजारच्या ग्राइंडरवर बिहारचा एक पोरगा आहे, तिशीही नाही. तो कॉन्ट्रॅक्टरचा. बारा तासांची पाळी आणि मुक्काम कंपाउंडमधल्याच खोलीवर, त्यामुळे पाळी सुटली तरी धूळ काही सुटत नाही. खोकला अगदी मामांसारखाच. वर्षाकाठी एक्स-रेची गाडी येते तेव्हा फक्त पटावरच्यांचे फोटो निघतात. कॉन्ट्रॅक्टरची माणसं त्या दिवशी मागच्या शेडला. अर्थात मामांनाही रिपोर्ट कधी हातात मिळालेला नाही. आता कॉन्ट्रॅक्टर पोराला म्हणतोय, "गावी जा, बरा होऊन ये." आधीचे दोघंतिघं असेच गेले ते गेलेच. रजिस्टरला आजारी कोणीच नाही!

संरक्षण म्हणाल तर तोंडाला रुमाल आणि रोज गुळाचा खडा. गुळाने धूळ उतरते यावर मामा ठाम आहेत, मी वाद घालून दमलो.

दोघांचे ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे, पैसे कापतात (पोराला स्लिप मिळत नाही). सुरुवात कुठून करायची? पोरगा गावी गेला तर त्याचा हक्क जातो का? आणि तक्रार केली म्हणून मामांना गेटवर अडवलं तर? मामींना झोप लागत नाहीये.

प्रतिसाद

सेफ्टी ऑफिसर होतो, आता निवृत्त. मामांना सांगा, गूळ पोटात जातो, फुफ्फुसात नाही. आणि रुमालाने जाडी धूळ अडते. घात करते ती डोळ्यांना न दिसणारी.

टीबीची औषधं मनाने बंद करू नका. सिलिका आत असली की टीबी लवकर धरतो, दोन्ही एकदम असू शकतात. ईएसआयच्या दवाखान्यात कामाचा इतिहास लेखी द्या : खातं कोणतं, किती वर्षं, वाळू कसली. तो केस पेपरवर चढवून घेतल्याशिवाय उठू नका. सगळं घोडं तिथेच अडतं. टीबी हे साधं आजारपण धरतात. सिलिकोसिस व्यवसायजन्य आजार, म्हणजे कामावरची इजा. साध्या आजारपणात पगाराच्या ७० टक्के मिळतात, टीबीत अटी पुऱ्या झाल्या तर ८०. इजेत ९०, आणि कायमचं अपंगत्व मेडिकल बोर्डाने ठरवलं तर दरमहा रक्कम. सिलिकोसिस बरं करणारं औषध नाही, तेव्हा धुळीच्या खात्यातून बदली आधी मागा. ईएसआयच्या लाभावर रजेत असताना कामावरून काढता येत नाही, हे मामींना सांगा.

पोराचं जास्त घाईचं आहे. त्याचा हप्ता भरण्याची पहिली जबाबदारी मूळ कारखानदाराची, कॉन्ट्रॅक्टरकडून त्याने मग वसूल करावा. ईएसआयचा नंबर देशभर तोच चालतो. पण गाडीत बसायच्या आधी एक्स-रे आणि केस पेपर इथेच करा, गेटपासचा फोटो आणि पगार जमा झालेलं पासबुक जपा. एकदा तो गेला की इथे काम केलं हे सिद्ध करणंच जड जातं.

सिलिकोसिस आढळला तर सरकारला कळवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करा, नाव गुप्त ठेवावं असं अर्जातच लिहा.

धागाकर्ता

आभारी आहे दादा. पोराचं तिकीट शनिवारचं आहे. उद्या सकाळी दोघांना घेऊन दवाखान्यात जातोय. स्लिप नसेल तर त्याचा ईएसआय नंबर कुठून काढायचा, तेवढं कोणी सांगेल का?