शिवाजी पेठेत रोजची गाडी: २०२१ ची थार की २०२३ ची जिमनी?

पेठकरी

तीन महिने बघून बघून दोन गाड्यांवर आलोय आणि आता अडकलोय. दोन्ही सेकंडहँड, दोन्ही एमएच ०९.

महिंद्रा थार: एलएक्स, २.२ डिझेल, मॅन्युअल, हार्डटॉप, फोर बाय फोर. पासिंग फेब्रुवारी २०२१. रनिंग ५२ हजार, मालक दुसरा. मागणी साडेअकरा लाख.

मारुती जिमनी: अल्फा, मॅन्युअल. पासिंग ऑगस्ट २०२३. रनिंग २१ हजार, मालक पहिलाच. मागणी पावणेदहा लाख.

वापर असा: घर शिवाजी पेठेत, बोळ अरुंद, गाडी दारातच लावावी लागते. काम गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, म्हणजे रोजचं जाणं-येणं मिळून २५ किमीच्या आत. शनिवार-रविवार गगनबावड्याकडे भातशेती, डांबर संपल्यावर दोन किमी तांबडी वाट. पावसाळ्यात ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या. घरात आम्ही चौघं: मी, बायको, सहा वर्षांचा मुलगा आणि आई. आईचे गुडघे दुखतात. महिन्याला हजार किमी धरा. दुसरी गाडी ठेवायला जागा नाही, त्यामुळे जी येईल तीच ऑफिसला आणि तीच शेतावर.

घाटमाथा

थार. यात विचारायचं काय?

एकीकडे १३० बीएचपी ताकद आणि ३०० एनएम ओढ, दुसरीकडे १०३ बीएचपी आणि १३४ एनएम. चार माणसं, मागे खताचं पोतं, एसी चालू आणि समोर करूळ घाटाचा चढ, अशा वेळी जिमनी दुसऱ्या गिअरमध्ये बोंबलत जाते. थारला तिसऱ्यात कळतही नाही. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासूनची उंची, २२६ मिमी विरुद्ध २१०. शिवाय तुमच्या एलएक्सला मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरेन्शियल असणार. एक चाक चाकोरीत लटकलं तरी दुसरं ओढून काढतं. जिमनीत हेच काम ब्रेकच्या जोरावर होतं. होतं, नाही असं नाही, पण घसरत घसरत.

आणि विकायला काढली तर थार आठवड्यात जाते. जिमनीचं गिऱ्हाईक शोधावं लागतं. पहिल्याच वर्षी कंपनीला भरमसाट सूट द्यावी लागली, त्यातच काय ते आलं.

हापूसवाला

लांज्याहून लिहितोय. जिमनी माझी रोजची आहे, तेव्हा माझं मत कुठे झुकणार ते सांगायला नको.

घाटमाथा, आकडे बरोबर आहेत पण एक सोडलात. थारचं वजन साडेसतराशे किलोच्या आसपास, जिमनीचं बाराशे. तांबड्या चिखलात हा अर्धा टन कुठे जातो? खाली. आमच्याकडच्या कातळावर एकवेळ चालेल, पण भाताच्या बांधाकडेच्या वाटेवर हलकी गाडी वरून निघून जाते आणि जड गाडी स्वतःचा खड्डा स्वतः खणते. तुमचं ते लॉकिंग डिफरेन्शियल कामाला येतं ते त्यानंतर.

आता बोळ. दोन्ही गाड्यांची लांबी सारखीच, ३,९८५ मिमी. रुंदी मात्र थारची १,८२० आणि जिमनीची १,६४५. साडेसतरा सेंटिमीटरचा फरक. शिवाजी पेठेत समोरून रिक्षा आली की हे साडेसतरा सेंटिमीटर आरशासकट मोजायला लागतात.

घाटमाथा

जिमनीचा आकडाही नीट सांगा. डिकी २०८ लिटर. दोन बॅगा आणि डबा, संपलं. इंधन टाकी ४० लिटरची.

हापूसवाला

आणि थारची डिकी? मागची सीट उभी असताना तिथे छत्री आडवी ठेवून दाखवा.

कोल्हापुरी_ठसका

मी थार चालवते, रोज, शाळा आणि दुकान. गाडी मला जीव की प्राण आहे. उंच बसायला मिळतं, समोरचा आपोआप बाजूला होतो, आणि बाई चालवतेय म्हणून हॉर्न मारणारे निम्म्याने कमी झाले. हे सगळं खरं.

पण पेठकरी, तुमच्या घरात सहा वर्षांचं पोर आणि गुडघेदुखीची आई आहे. थारला मागे दार नाही. मागे जायचं तर पुढची डावी सीट दुमडून, पायरीवर चढून, वाकून आत. आई मागे चढू शकणार नाहीत, हे आत्ताच मान्य करा. त्या पुढे बसणार. मग आधी तुमची मिसेस आणि मुलगा आत शिरणार, सीट मागे घ्यायची, मग आई चढणार. शाळेसमोर मुलाला उतरवायचंय? आई खाली. मुलगा उतरला? आई वर. पावसात, मागून केएमटीची बस हॉर्न देत असताना.

माझ्या सासूबाईंनी दोन महिने हे केलं आणि मग "मी आपली रिक्षानं येते" म्हणाल्या. रागाने नाही, अगदी गोड बोलून. आता आम्ही एकत्र कुठे निघालो तर दोन वाहनं निघतात.

घाटमाथा

ताई, पण तुम्ही थार विकली का?

कोल्हापुरी_ठसका

नाही. माझ्याकडे ती रिक्षावाली सोय आहे म्हणून नाही. यांना एकच गाडी सगळ्यांसाठी घ्यायची आहे.

बिनकामाचा_सल्ला

शिव्या खायची तयारी ठेवून बोलतो. दोन्ही नको.

महिन्यातले आठ दिवस, त्यात पावसाचे चार महिने, त्यात शेवटचे दोन किमी. एवढ्यासाठी बाकीचा सगळा वेळ लॅडर फ्रेमवर, म्हणजे ट्रकसारख्या सांगाड्यावर, हिंदकळत बसायचं? थारची मागची सीट खड्ड्यात उडवते, जिमनी वळणावर झुकते. याच पैशात चांगली ब्रेझा नाहीतर क्रेटा येते, आई आरामात बसतील. डांबर संपेल तिथे गाडी लावा आणि पुढे शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसा. गावात ट्रॅक्टर नाही असं घर दाखवा.

पेठकरी

हा विचार करून झालाय. अडचण अशी की जुलैत रोपलावणीला आईला बांधावर यायचंच असतं. ती ऐकत नाही. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर तिला बसवणार नाही. गेल्या पावसाळ्यात जुनी हॅचबॅक दोनदा बैलांनी ओढून काढली, तेव्हापासून फोर बाय फोरचं ठरलंय. त्यावर वाद नको.

गॅरेजगल्ली

माझ्याकडे दोन्ही गाड्या कामाला येतात. कोण भारी या भांडणात पडत नाही, गाडीच्या खाली काय दिसतं ते सांगतो.

पहिलं, डीपीएफ. बीएस सहा डिझेलला धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. ती भरली की गाडी स्वतःच ती काजळी जाळते, पण त्यासाठी इंजिन नीट तापून पंधरा-वीस मिनिटं एका वेगात पळावं लागतं. तुमचं ऑफिस एका बाजूला बारा किमी, त्यातला निम्मा वेळ पेठेत आणि सिग्नलला. इंजिन तापतं न तापतं तोच तुम्ही पोचलेले. मग दिवा लागतो, लोक दुर्लक्ष करतात, गाडी दम टाकते, आणि जाळी बदलायचं बिल बघून मालक दम टाकतो. असल्या वापराला पेट्रोल बरं.

दुसरं, ती थार फेब्रुवारी २०२१ ची म्हणता. पासिंग आणि बनावटीची तारीख वेगळी असते. ७ सप्टेंबर ते २५ डिसेंबर २०२० या काळात बनलेल्या १,५७७ डिझेल थार कंपनीने कॅमशाफ्ट (इंजिनच्या झडपा उघडणारा दांडा) तपासायला परत बोलावल्या होत्या. बनावटीचा महिना आरसीवर असतो, तो बघा. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मधला असेल तर चासिस नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरला विचारा की ते काम झालं का.

तिसरं, आणि कोल्हापुरात हे सगळ्यात महत्त्वाचं: पूर. जुलै २०२१ मध्ये इथे, सांगलीत आणि चिपळुणात किती गाड्या पाण्यात गेल्या ते आठवा. ती थार तेव्हा पाच महिन्यांची होती. धुऊनपुसून चकाचक केलेली गाडी वरून कळत नाही. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसते. कार्पेट उचलून खालचा फोम दाबा, वास घ्या. सीटच्या रुळांचे स्क्रू गंजलेत का बघा. डॅशबोर्डखाली वायरिंगच्या जोडांना पांढरट-हिरवी बुरशी असेल तर चहा पिऊन घरी या. आणि विमा कंपनीकडून क्लेमचा इतिहास काढा. दुसरा मालक आहे म्हणजे पहिल्याने कधी आणि का विकली हा प्रश्न आलाच.

जिमनीलाही हेच सगळं लावा. नवीन आहे म्हणून सोडू नका. खाली झोपून ट्रान्सफर केसजवळ (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) ऑइल पाझरलंय का, पुढच्या अ‍ॅक्सलच्या टोकांना ग्रीस बाहेर आलंय का, फ्रेमला दगडाचे घाव आहेत का. एकवीस हजारांतली दोन हजारच कुणी नदीपात्रात काढली असतील तर मीटर काही बोलत नाही.

चौथं, टायर. बाजूला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. थारवर २०२० चेच टायर असतील तर अठरा इंची पाच टायरचे पैसे मागणीतून आधी वजा करा. जिमनीचे पंधरा इंची, बरेच स्वस्त पडतात. पण ते रस्त्याच्या नक्षीचे आहेत. तांबड्या चिखलात पहिल्याच दिवशी गुळगुळीत होतील. फोर बाय फोरचा दांडा टाकून काही होत नसतं, पकड टायरचीच असते.

घाटमाथा

डीपीएफचा बागुलबुवा फार झालाय. यांचं ऑफिस कुठे आहे? गोकुळ शिरगाव, म्हणजे हायवेवरच. आठवड्यातून एकदा सुटल्यावर कागलपर्यंत जाऊन यायचं, काजळी साफ. शिवाय शनिवारी गगनबावडा आहेच, पंचावन्न किमी.

गॅरेजगल्ली

सहापदरीकरणाच्या डायव्हर्जनमधून कागलला एका वेगात जाऊन दाखवा, मी चहा पाजतो. आणि गगनबावड्याचं म्हणाल तर जुलैत मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलं की तो शनिवार गेला.

घाटमाथा

त्यासाठीच तर थार! ६५० मिमी पाण्यातून जायची क्षमता कंपनीनेच सांगितलीय.

हापूसवाला

भाऊ, तो आकडा उभ्या पाण्याचा आहे. मांडुकलीला पाणी वाहतं असतं आणि खाली रस्ता शिल्लक आहे की नाही ते दिसत नाही. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. त्या दिवसांत कुठलीच गाडी काढू नये, थारही नाही आणि रणगाडाही नाही.

मिसळ_जादा_कट

डिझेल स्वस्त पडतं म्हणून कुणी थार सुचवेल, त्याआधी हिशेब करून टाकतो. थार मिश्र वापरात ११ देईल, जिमनी १३. हजार किमीला थारला ९१ लिटर डिझेल, ९१ रुपये दर धरला तर जवळपास ८,३००. जिमनीला ७७ लिटर पेट्रोल, १०४ धरले तर ८,०००. म्हणजे बरोबरीच. एवढ्या कमी रनिंगला डिझेलचा काही फायदा नाही. जिमनीचा आणखी एक मुद्दा: एप्रिल २०२३ नंतर बनलेली आहे, म्हणजे ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल चालणारी.

सुरक्षेचं कुणीच बोललं नाही. थारला ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत २०२० साली चार तारे आहेत. तीन दारांच्या जिमनीला युरो एनकॅपने २०१८ मध्ये तीन दिले होते, पण ती कसोटी वेगळी आणि गाडीही हीच नव्हे. एअरबॅग मात्र या थारला दोन, जिमनीला सहा.

घाटमाथा

एअरबॅगा मोजून ट्रक अडत नाही. पत्रा बघा.

कोल्हापुरी_ठसका

पत्रा वाजवून गाडी घ्यायचे दिवस गेले हो.

बिनकामाचा_सल्ला

बरं, माझी ब्रेझा ऐकायची नाही, ठीक. किमतीचं तरी ऐका. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी उतरला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या. जुनी विकणारे मात्र अजून जुन्या भावाच्या गुंगीत आहेत. आज नवीन किती पडते ते शोरूममधून लेखी कोटेशन आणून विकणाऱ्यासमोर ठेवा. दोघांकडेही.

गॅरेजगल्ली

हे मात्र कामाचं. आणि आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघूनच टोकन द्या. बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी लागते, नावावर करायला २९ आणि ३०. "नंतर देतो" म्हणणाऱ्याला पैसेही नंतर. थारला बाहेरून बुलबार (पुढचा लोखंडी गार्ड) किंवा मोठे टायर लावलेत का? बुलबार २०१७ पासून बेकायदा आहे. विमा कंपनीला क्लेम नाकारायला निमित्त लागतं, ते आपण विकत घेऊ नये.

पेठकरी

बुलबार आहे. लखलखता.

आज दुपारी दोन्ही आरसी बघितल्या. थारची बनावट डिसेंबर २०२० निघाली. मालकाला कॅमशाफ्टचं विचारलं तर म्हणाला पहिल्या मालकाला माहीत. जिमनीवर बोजा आहे, पण त्याने बँकेचं पत्र शुक्रवारपर्यंत आणतो म्हटलंय. रविवारी आईला दोन्हींत बसवून बघतो. तिला अजून सांगितलेलं नाही.

घाटमाथा

कॅमशाफ्टचं काम झाल्याचा कागद मिळाला आणि सीटबेल्ट स्वच्छ निघाला तर मी अजूनही थारच म्हणतो. साइड स्टेप बसवून घ्या, आई पुढे आरामात चढतील. पण दहा नव्वदच्या वर एक रुपया नको, आणि बुलबार त्यालाच काढून ठेवायला सांगा.

हापूसवाला

पुढे चढतील हो. शाळेसमोर उतरतील किती वेळा, ते ताईंनी वर लिहिलंय. जिमनी नऊवीसला मागा, नऊ चाळीसला तुटेल. उरलेल्या पैशात चिखलाचे टायर.