पँट्रीतली सुकट: वसतिगृहात आदर कोणी कोणाचा करायचा?

आंबोळी
पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या वसतिगृहात राहते, पीएचडीचं चौथं वर्ष. मजल्यावर 22 खोल्या, एक पँट्री, दोन इंडक्शन, एक फ्रिज. गेल्या रविवारी सकाळी घरून आलेली सुकट भाजली. दहा मिनिटांत मजल्याच्या ग्रुपवर नाक मुरडणं सुरू, आणि संध्याकाळी पँट्रीच्या दारावर चिठ्ठी: 'येथे मांसाहार शिजवू नये. इतरांचा आदर करा.' खाली सही नाही. नियमावलीत असं काही नाही, दोनदा वाचली. आदर म्हणजे दुसऱ्याच्या ताटात नाक न खुपसणं, असं मला वाटतं. तुम्हाला?

लेझरवाला
ताई, ताटाशी भांडण नाही. पण आमच्या वसतिगृहात माझी खोली पँट्रीला लागून आहे. रात्रभर रीडिंग घेऊन सकाळी सहाला आडवा होतो आणि नऊला उशी-पांघरुणासकट सुकटीत मुरतो. ग्रुपवर आदल्या रात्री 'उद्या भाजणार आहे' एवढं टाकलं तर मी दाराच्या फटीत टॉवेल तरी कोंबेन. (निनावी चिठ्ठीवाल्यांना मात्र माझाही कोपरापासून नमस्कार.)

आंबोळी
सांगून भाजेन, कबूल. मग पहाटेच्या कुकरच्या शिट्ट्याही सांगून होऊ देत.

सरळमार्गी
एवढी हौस असेल तर बाहेर खोली घ्यावी. वसतिगृह अभ्यासाला असतं.

लेझरवाला
सरळमार्गी, जेआरएफ, म्हणजे पीएचडीवाल्यांची फेलोशिप, महिना 37,000 रुपये आहे, तीही 2023 पासून. ती दर महिन्याला वेळेवर येते असं समजून बोलताय का? माझा विरोध वासाला आहे, माणसाला बाहेर काढायला नाही.

पेन्शनर
तुम्ही मंडळी 22 खोल्यांत भांडता. अंटार्क्टिकातल्या आपल्या 'मैत्री' या 1989 मध्ये उभारलेल्या संशोधन तळावर दर हिवाळ्यात पंचवीसेक माणसं राहतात. साधारण दोन महिने सूर्य उगवत नाही, जहाज उन्हाळ्याशिवाय येत नाही, पाणी प्रियदर्शिनी सरोवराचं. रुसून जाणार कुठे? तिथली गॅली ड्युटी मला फार शहाणपणाची वाटते. आचाऱ्याच्या हाताखाली भाजी चिरायची, भांडी घासायची, पाळीपाळीने, शास्त्रज्ञ असो की तुकडीचा नेता. खरकटं काढताना पदवी कामाला येत नाही.

सरळमार्गी
काका, ते उदाहरण इथे कसं लावता? तिथे माणसं वैद्यकीय चाचण्या करून, उत्तराखंडात औलीला बर्फात प्रशिक्षण देऊन पाठवतात. तरीही माणसं बिथरतात. दक्षिण आफ्रिकेच्या तिथल्या सनाए-4 तळावरून मदतीसाठी पाठवलेला ई-मेल मार्च 2025 मध्ये बाहेर आला. सहकाऱ्याने मारहाण केल्याचा, धमक्या दिल्याचा आरोप होता. वादाचं मूळ कामाच्या वेळापत्रकातला बदल, असं दक्षिण आफ्रिकेच्या मंत्र्यांनी सांगितलं. म्हणून म्हणतो, नियम कडक आणि लेखी हवेत. मजल्यावर मतदान घ्या, विषय संपवा.

आंबोळी
मतदान? 2016-17 मध्ये अंटार्क्टिकातल्याच आपल्या 'भारती' तळावर इस्रोच्या मंगला मणी 403 दिवस राहिल्या, 23 जणांच्या तुकडीत एकट्या बाई. तिथे स्नानगृहाच्या वापरावर मतदान घेतलं असतं तर काय निकाल लागला असता? बहुमताने सहलीचं ठिकाण ठरवावं, दुसऱ्याने काय खावं हे नाही.

लेझरवाला
हे पटलं. तरी वासाचा प्रश्न आहे तिथेच आहे. पँट्रीला एक्झॉस्ट फॅन आहे का?

आंबोळी
आहे. दोन वर्षं बंद. तक्रार टाकली होती, 'प्रक्रियेत' आहे.

लेझरवाला
घ्या! म्हणजे आपण पंख्याचं भांडण धर्मयुद्धासारखं लढतोय.

सरळमार्गी
पंखा लागला तरी माझं मत तेच.

पेन्शनर
आंबोळी, एक विचारू? राग मानू नका. सुकट भाजली तो तवा कोणी घासला?

आंबोळी
भिजत ठेवला होता, काका.

पेन्शनर
ते कळलं. घासला कोणी?

आंबोळी
सोमवारी सकाळी. सफाईच्या मावशींनी.