विदर्भातल्या आडरस्त्यांवर इलेक्ट्रिक गाडी : तुमचा अनुभव लिहा

दारव्ह्याला राहतो. इलेक्ट्रिक गाडी घेऊन दोन वर्षं झाली. जुनीच घेतली, ३०.२ युनिटच्या बॅटरीची. मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर अशी गाडी कशी न्यायची, कुठे थांबायचं, हे ढिगाने लिहिलेलं सापडतं. दारव्ह्याहून मंगरूळपीर, चंद्रपूरहून आलापल्ली, परतवाड्याहून चिखलदरा, हे कोणी लिहीत नाही. आणि शेजारी, पाहुणे, हवा भरणारा पोरगा, सगळ्यांचा प्रश्न एकच : "भाऊ, मधातच संपली तं?" ज्यांनी गाडी खरंच नेली त्यांनीच याचं उत्तर द्यावं, म्हणून हा धागा. किती टक्क्यांवर निघालात, कुठे अडलात, कोणी मदत केली, आकड्यांसकट लिहा. चुकलं असेल तेही लिहा, तेच जास्त कामी येतं.

सुरुवात माझ्यापासून. मागच्या मे महिन्यात आईला घेऊन शेगावला निघालो. वाटेत मंगरूळपीरजवळच्या खेड्यात मामाकडे मुक्काम होता. रात्रभर गाडी लावायची आणि पहाटे बार्शीटाकळी-अकोला मार्गे निघायचं, असा बेत. मामाकडे पोचलो तेव्हा ६४ टक्के होते. साडेनऊला कुलरच्या शेजारचा १५ अँपिअरचा सॉकेट पाहून चार्जर लावला तर लाल दिवा. पिन काढली, पुसली, पुन्हा लावली. लालच. दुसऱ्या खोलीत तेच. आई दारात उभी, तिला वाटलं उद्याचं दर्शन गेलं.

मामाने गावातल्या वायरमनला बोलावलं. त्याने दोन वायरींचा बल्ब आणला. फेज आणि न्यूट्रलमध्ये लावला, लख्ख पेटला. फेज आणि अर्थिंगमध्ये लावला तर नुसती तार लाल झाली, म्हणजे अर्थिंग कमी पडत होतं, आणि त्याशिवाय चार्जर चालू होत नाही. "अर्थिंग वाळलं," एवढंच म्हणाला आणि टॉर्च घेऊन मागे गेला. मोरीच्या पलीकडे अर्थिंगचा पाईप, भोवतीची काळी माती इतकी फाटलेली की भेगेत बोट जावं. त्या घरात नळ चौथ्या दिवशी येतो. मामीने काही न विचारता भरून ठेवलेल्या चार बादल्या उचलल्या आणि एकेक करून त्या भेगेत सोडल्या. माती पाणी पिताना आवाज येत होता. अर्ध्या तासाने चार्जर लावला, हिरवा दिवा. पहाटे चारला उठून पाहिलं तर शंभर टक्के.

तोवर मी बॅटरी आणि रेंज याच विचारात असायचो. त्या रात्रीपासून कुठेही मुक्कामाला जायचं असेल तर आधी फोन करून अर्थिंगचं विचारतो.

---

परतवाडा

चिखलदऱ्याचं सांगतो, दर पावसाळ्यात पाच-सहा वेळा जातो. गाडी ३५ युनिटची. परतवाड्याहून वर तीस-एक किलोमीटर, चढ सातशे मीटरच्या वर. सपाटीवर एवढ्या अंतराला १२ टक्के लागतात, घाटात २२ लागले. पहिल्यांदा हा आकडा भराभर खाली येताना पाहून बायको म्हणाली, परत फिरू या. फिरलो नाही ते बरं झालं, कारण उतरताना फक्त ४ टक्के गेले. उतारावर पाय सोडला की मोटरच जनरेटर होते आणि गाडीला धरून ठेवते, ब्रेकला हात लावायची वेळ क्वचित येते.

पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. वर मुक्काम असेल तर रात्री शंभर टक्के भरून सकाळी घाट उतरू नका. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज जायला जागा नसते, मग ती धरून ठेवणारी ओढ मिळतच नाही आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. मी एकदा तसा उतरलो. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर ब्रेकचा वास आला. धुकं होतं, समोरून एसटी चढत होती. कडेला गाडी लावून वीस मिनिटं थांबलो. आता वर ८५ च्या पुढे भरत नाही.

---

मालेगाव, जिल्हा वाशिम

समृद्धीचा अनुभव. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला, ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा खुला झाला, तेव्हापासून आम्ही नागपूर आणि मुंबई दोन्हीकडे यानेच जातो. कारला १२० ची मुभा आहे आणि रस्ता इतका सरळ की पाय आपोआप दाबला जातो. माझी ४५ युनिटची गाडी ११५ च्या वेगाने २३० किलोमीटर जाते. तीच ८५-९० ने चालवली तर ३०० सहज. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, शाळेत शिकलो होतो, इथे खिशाला कळलं. गणित केलं तर हळू गेलेल्या माणसाचं एक चार्जिंग वाचतं.

दुसरं असं की इंटरचेंज हुकला तर पुढचा वीस-पंचवीस किलोमीटरवर, आणि मधे वळता येत नाही. जायचे तेवढे आणि परत यायचे तेवढे, दोन्ही पकडा. पेट्रोलच्या गाडीला हे चाळीस-पन्नास किलोमीटर काहीच नाहीत, १४ टक्क्यांवर असलेल्या आपल्या गाडीला तेच सगळं असतं.

---

दर्यापूर

आमच्या खारपाणपट्ट्यात अर्थिंगचा तरास कमी. जमीनच खारी, करंट लवकर धरते. पण पाईप गंजून जाते, ते दर दोन वर्साले पाहा लागते.

माही गाडी लहान हाय, २४ युनिटची. बहिणीकडं धामणगावले गेलो दिवाळीच्या टायमाले. जायाले कमी पडली नाही, ३६ टक्के उरले. पण तिच्या गावात सांजच्या वक्ती सगळ्यायचे पंप सुरू राह्यते, व्होल्टेज १७० वर. चार्जर पाच मिनिटं चाले, बंद पडे. पाच मिनिटं चाले, बंद पडे. भाऊजी म्हणे डीपी, म्हंजे गावचा ट्रान्सफॉर्मर, तं आमच्या घरापासून लांब हाय, शेवटच्या खांबावर असंच राह्यते. मंग गाडीतच चार्जिंगचा टाइम अकराचा लावून देल्ला अन् जेवून झोपलो. अकराले व्होल्टेज २१५ होतं, सकाळी सातले ९८ टक्के. खेड्यात गेलं म्हंजे पह्यले घर डीपीच्या जवळ हाय का दूर, हे पाहून घेत जा. लांब असन तं रातच्याच भरोशावर राहा.

---

ब्रह्मपुरी

छोटासा. नवतपात दुपारी प्रवास करूच नका. उन्हात उभी गाडी थेट जलद चार्जरला लावली तर तिची बॅटरी आधी स्वतःला थंड करत बसते आणि वीज हळू घेते. एरवी ५० मिनिटांत होणारं काम मला एक तास ४० मिनिटं लागलं. आम्ही आता पहाटे चारला निघतो, दहाच्या आत पोचतो.

---

चंद्रपूर-एटापल्ली, शिक्षिका

माझी शाळा एटापल्ली तालुक्यात आहे, घर चंद्रपूरला. गोंडपिंपरी, आष्टी, आलापल्ली असं जाते, एका बाजूने दीडशेच्या आसपास. गाडी ४५ युनिटची, त्यामुळे अंतराची भीती नाही. भीती पावसाची. जुलैत पोचले तेव्हा ४१ टक्के उरले होते. त्याच रात्री जंगलात झाड तारांवर पडलं आणि लाईन गेली. एक दिवस, दुसरा दिवस. भामरागडकडे पर्लकोटेला पूर आला की तिकडचा संपर्कच तुटतो, तेव्हा लाईनची माणसं कुठे कुठे पुरणार, त्यांच्यावर मी कधी रागावत नाही. छातीभर पाण्यातून खांबावर चढणारी माणसं मी पाहिली आहेत.

४१ टक्क्यांत चंद्रपूर होत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी आलापल्लीपर्यंत आले, तिथे वीज होती. एका लॉजवाल्या काकांना विचारलं. ते आधी घाबरले, बिल किती येईल म्हणून. मी त्यांच्या मीटरचा फोटो काढला, सहा तासांनी पुन्हा काढला, १८ युनिट झाले होते. युनिटला १५ रुपयांप्रमाणे २७० दिले. त्यांनी माझ्यासमोर दोन्ही फोटो ताडून पाहिले आणि म्हणाले, "मॅडम, यात एवढंच असते?" आता त्यांनीच पोर्चमध्ये सॉकेट काढून ठेवलाय. फोटोची ही पद्धत सगळ्यांनी ठेवा. पुढच्या माणसाला नाही म्हणायची वेळ त्यांच्यावर येत नाही.

---

वणी

माझा अनुभव तक्रारीचा आहे. नागपूरहून मुलीला घेऊन एकटी परत येत होते, रात्रीचे साडेनऊ. महामार्गावरचं एक चार्जिंग स्टेशन ॲपमध्ये चालू दाखवत होतं. जाऊन पाहिलं तर बंद ढाब्याच्या मागे, दिवा नाही, बाथरूमला कुलूप. ॲपने ४०० रुपये घेतले, चार्जरची गन गाडीला लागली, पण चार्जिंग सुरू झालं नाही. हेल्पलाइनवर अर्धा तास गेला. पैसे नऊ दिवसांनी परत आले, पण प्रश्न पैशांचा नाहीच.

समोर चहाची टपरी होती, नवरा-बायको आवरून निघायच्या बेतात होते. त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पेटती शेगडी विझवायला घेतलेली राख परत बाजूला सारली. म्हणाल्या, "तू बस ताई, तुही गाडी हालेपर्यंत आमी हाओ." दुसऱ्या गनवर, तिसऱ्या प्रयत्नात चार्जिंग सुरू झालं. ४५ मिनिटं ते दोघे तिथे थांबले. मुलगी त्यांच्या बाकड्यावर झोपली.

चार्जर किती किलोवॅटचा आहे हे सगळे विचारतात. तिथे दिवा आहे का, बाथरूम उघडं आहे का, रात्री माणूस असतो का, हे मला आधी कळायला हवं. इथे लिहिणाऱ्या पुरुषांनाही विनंती, स्टेशनबद्दल लिहाल तेव्हा एवढं पाहून लिहा.

---

उमरखेड

मी गाडी विकलेली नाही, विकणारही नाही. पण हे सांगायला हवं. मागच्या पौषात रात्री एक वाजता फोन आला, गोंदियाला सासरे गेले. गाडीत २२ टक्के. त्या दिवशी शेतात दोन चकरा झाल्या होत्या, आल्यावर लावू म्हटलं आणि राहून गेलं. बायको रडत होती आणि मी अंगणात उभा राहून टक्के पाहत होतो. शेजाऱ्याला उठवलं. त्याने एक शब्द न बोलता डिझेल गाडीची किल्ली दिली, स्वतः चालवायला आला, कारण मला त्या अवस्थेत चालवू देणार नव्हता. माती मिळाली.

तेव्हापासून गाडी रोज रात्री ७० च्या खाली झोपत नाही. घरातलं कोणी आजारी असेल तर ९०.

---

निवृत्त लाईनमन, आर्वी

वरचं सगळं वाचलं. तेहतीस वर्षं खांबावर काढली, म्हणून चार गोष्टी कळकळीने सांगतो.

मामींनी पाणी ओतलं ते बरोबर केलं, पण तो एका रात्रीचा इलाज. अर्थिंगचा पाईप अडीच-तीन मीटर खोल गेला पाहिजे, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायला तोंड. उन्हाळाभर आठवड्यातून दोनदा एक बादली. आपली काळी माती ओली असली की छान धरते, वाळली की पाईपला सोडून बाजूला होते.

अर्थिंग नसलं तर काही जण सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थची पिन जोडून टाकतात. चार्जर फसतो, हिरवा दिवा लागतो. हे कृपा करून करू नका. खांबावरचं न्यूट्रल तुटलं, आणि वादळात ते तुटतंच, तर गाडीच्या सगळ्या पत्र्यात करंट उतरतो. अंगणात लेकरं खेळत असतात.

चार्जर सहा-आठ तास सलग १३-१४ अँपिअर ओढतो. कुलरच्या एक्सटेन्शन बोर्डवर लावाल तर पिन वितळेल. मीटरपासून सरळ ४ एमएमची तांब्याची वायर ओढा, वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) टाका. पहिल्या रात्री तासाभराने पिन हाताने चाचपून पाहा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर बंद करा.

आणि शेतातल्या पंपाच्या कनेक्शनवर गाडी लावू नका. ती वीज शेतीच्या दरात पंपासाठी दिलेली असते, दुसऱ्या कामाला वापरली तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली आकारणी होते. भुर्दंड तुम्हाला नाही, ज्याच्या नावावर मीटर आहे त्या शेतकऱ्याला बसतो. पाहुणचार करणाऱ्यावर ही वेळ आणू नका.

---

दारव्हा, धागा काढणारा

काका, तुमचं लिहिणं मामाला फोनवर वाचून दाखवलं. वायरमनने परवा नवीन पाईप ठोकला, कोळसा-मीठ भरून. मामीने त्याच्या तोंडाशी अळू लावलाय आणि मोरीचं पाणी तिकडे वळवलंय. दिवाळीला आईला घेऊन जातोय, यावेळी रिसोड, मेहकर, लोणार असा बेत आहे. लोणारला मुक्कामी कोणी गाडी लावली असेल तर लिहा, व्होल्टेज रात्री किती असतं तेही.