पौंड-औंसांचे किलोग्रॅममध्ये रूपांतर करताना दोन वेगळी उत्तरे का येतात?

प्रश्न

एका जुन्या तक्त्यात पौंड-औंसांत दिलेली वजने मला किलोग्रॅममध्ये लिहून काढायची आहेत. ३ पौंड ८ औंस हे वजन साडेतीन पौंड धरून ०.४५३६ ने गुणले, तर १.५८७६ किलोग्रॅम येते. तेच ५६ औंस धरून २८ ग्रॅमने गुणले, तर १,५६८ ग्रॅम येतात. हा फरक कशामुळे पडतो? शिवाय काही ठिकाणी औंस ३१.१ ग्रॅमचा दिलेला आढळतो, तो कोणता?

उत्तर १

फरक २८ या आकड्यामुळे पडतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी १९५९ साली एक पौंड म्हणजे नेमके ०.४५३५९२३७ किलोग्रॅम असे ठरवले. ही किंमत मोजून काढलेली नसून व्याख्येनेच ठरलेली असल्यामुळे तिच्यापुढे आणखी दशांश स्थळे नाहीत. तिचा सोळावा भाग, म्हणजे सुमारे २८.३५ ग्रॅम, हा औंस. आपल्या दुसऱ्या पद्धतीत दर औंसामागे ०.३५ ग्रॅम सुटले आणि ते ५६ वेळा सुटले. म्हणून गुणक पूर्ण घ्यावा आणि उत्तर हवे तितक्या स्थळांपर्यंत आणण्याचे काम अगदी शेवटी, एकदाच करावे.

उत्तर २

कागदाशिवाय पडताळा घ्यायचा असल्यास पौंडांची निम्मी संख्या घेऊन तिच्यातून तिचाच दहावा भाग वजा करावा. १५० पौंडांचे ७५, त्यातून ७.५ गेले की ६७.५ किलोग्रॅम, खरे उत्तर ६८.०४ आहे. ही रीत उत्तर जवळजवळ एक टक्क्याने कमी दाखवते, त्यामुळे दशांश चिन्ह चुकले आहे का हे पाहण्यास ती उत्तम आहे, तक्त्यात लिहिण्यास नव्हे.

उत्तर ३

३१.१ ग्रॅमचा तो ट्रॉय औंस. सोने-चांदीच्या व्यवहारात तो आजही चालतो. साधा औंस ४३७.५ ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचे एक लहान एकक), तर ट्रॉय औंस ४८० ग्रेनचा असतो. मात्र ट्रॉय पौंडात औंस बाराच असल्यामुळे तो पौंड साध्या पौंडापेक्षा हलका, सुमारे ३७३ ग्रॅमचा, भरतो, आणि गोंधळ बहुधा येथेच होतो.

तक्त्यात स्टोन असल्यास विशेष जपावे. एक स्टोन १४ पौंडांचा असल्यामुळे ११ स्टोन ६ पौंड म्हणजे ११.६ स्टोन नव्हे. ते १६० पौंड, अर्थात ७२.५७ किलोग्रॅम होतात, ११.६ धरल्यास ७३.६६ येतील.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. तक्त्याच्या शेवटी काही वजने टनांतही आहेत. तेथे १,००० किलोग्रॅम धरावेत का?

उत्तर ३

तक्ता कोणत्या देशातला आहे हे पाहिल्याशिवाय धरू नयेत. ब्रिटिश टन २,२४० पौंडांचा, म्हणजे सुमारे १,०१६ किलोग्रॅमचा, तर अमेरिकेतील टन २,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोग्रॅमचा आहे.