सढळ हाताने देणं हे ‘कर्तव्य’ कसं? दान, देणं, कारभारी (शब्दचर्चा)

रेल्वेलाइन्सवाला:
नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे. पुढच्या आठवड्यात आमच्या चर्चच्या तरुण संघात दहा मिनिटं बोलायचंय. विषय इंग्रजीतनं आलाय, साधारण असा की प्रिव्हिलेज्ड लोकांनी इतरांना सढळ हाताने देणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य आहे. आता प्रिव्हिलेज्डला कोशात बघितलं तर ‘विशेषाधिकारप्राप्त’. असं म्हणलं की समोरच्या पोरांना वाटणार आमदार-खासदारांचं काहीतरी चाललंय, आपल्याला काय त्याचं. दुसरी अडचण म्हणजे औदार्य आणि कर्तव्य हे दोन शब्द एका वाक्यात बसतच नाहीत मला, कर्तव्य असेल तर त्यात औदार्य कसलं आणि औदार्य असेल तर ते कर्तव्य कसं? कोणीतरी सुचवा.

शेंगाचटणी:
सुखवस्तू चालेल की. किंवा सरळ ‘खाऊनपिऊन सुखी’. आपल्याकडं स्थळ सांगताना म्हणतात तसं.

हुरडापार्टी:
सुखवस्तू म्हणलं की पेन्शनर डोळ्यापुढं येतो ओ, आरामखुर्चीतला. ‘बरं चाललंय ज्यांचं’ म्हणा. सोलापुरात कुणालाच कळणार नाही असं होणार नाही.

जुनी_पोथी:
दादा, तुमच्या विषयाचं मूळ बहुतेक बायबलातलं लूक १२:४८ आहे, आणि मला वाटतं तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याच ओळीत आहे. ज्याला पुष्कळ दिलं आहे त्याच्याकडनं पुष्कळ मागण्यात येईल, अशा अर्थाचं ते वचन. नीट बघा, ‘ज्याच्याकडे पुष्कळ आहे’ असं नाही म्हणलेलं, ‘ज्याला पुष्कळ दिलं आहे’ असं म्हणलंय. म्हणजे देणारा दुसराच कोणीतरी आहे हे गृहीत. विशेषाधिकारप्राप्त, सधन, सुस्थितीतले, या सगळ्या शब्दांत तो देणारा गायब होतो आणि माणूस आपल्या जागी आपणहून उभा असल्यासारखा वाटतो. तेव्हा प्रिव्हिलेज्डला ‘ज्याला पुष्कळ दिलंय तो’ हेच वापरा. लांब आहे पण पोरांना कळेल. आणि त्यात पैसाच येतो असं नाही, शिक्षण आलं, पक्की नोकरी आली, घरात कोणीतरी इंग्रजी वाचणारं होतं हेही आलं.

आता कर्तव्याचं. ते वचन एकटं नाही आलेलं, त्याच्या आधी गोष्ट आहे कारभाऱ्याची. मालक बाहेर गेलाय आणि घरातल्या बाकीच्या चाकरांना वेळच्या वेळी धान्य वाटायचं काम एका कारभाऱ्याकडं सोपवलंय. त्याला वाटतं मालक काय एवढ्यात येत नाही, मग तो चाकरांना मारायला लागतो, स्वतः खातो पितो झिंगतो. आणि मग हिशेब. तर इथं वाटणं हेच त्याचं काम आहे, वाटलं तर त्याला कोणी उदार म्हणणार नाही. रेशन दुकानदारानं कार्डावरचे गहू दिले तर आपण त्याचा सत्कार करतो का? नाही दिले तर मात्र बोंब मारतो, आणि बरोबर करतो. मला विचाराल तर या सगळ्या विषयाचा शब्द ‘दाता’ नाहीच, ‘कारभारी’ आहे. दाता म्हणलं की माल त्याचा झाला. कारभाऱ्याचा माल कधीच त्याचा नसतो.

गड्डायात्रा:
कारभारी म्हणलं की आमच्या गल्लीतल्या बायका लाजतील, नवऱ्याला म्हणतात ओ तिकडं 😄

बाकी सोलापुरात हे शिकवणं अवघड आहे बरं का. इथं रिक्षावाला गिऱ्हाइकाला मालक म्हणतो, गिऱ्हाईक रिक्षावाल्याला मालक म्हणतंय, चहावाला दोघांना मालक म्हणतो. सगळं गावच मालकांचं, कारभारी कोण होणार.

पण गंमत सोडा. आमच्या लिंगायतांत एक शब्द आहे, दासोह. मठात यात्रेत जेवण असतं त्याला लोक दासोह म्हणतात, पण मूळ ‘दासोऽहम्’, मी दास आहे. बसवण्णांच्या शिकवणीत कायक आणि दासोह ही जोडी. कायक म्हणजे घाम गाळून केलेलं काम आणि त्यातनं आलेलं समाजाला देऊन टाकायचं ते दासोह. देणाराच दास. बाराव्या शतकातली गोष्ट, बसवकल्याण काय इथनं लांब नाही. तुमच्या कारभाऱ्याच्या जवळचा वाटला म्हणून टाकलं, दोन्ही एकच असं म्हणत नाही मी.

जुनी_पोथी:
एकच नाहीत खरं, पण दोन्हीकडं देणाऱ्याची खुर्ची काढून घेतलीय हे सारखं आहे. छान आठवण केलीत मालक.

चौपाड_ते_चर्च:
मला एक वेगळंच बोलायचंय, रागावू नका. आमच्या आज्जीनं आयुष्यभर विड्या वळल्या. तिला कोणी पुष्कळ दिलेलं नव्हतं. पण देण्यावरचं प्रवचन म्हणलं की तिच्या कानावर काय पडायचं, तर विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे देवळात टाकलेली दोन हलकी नाणी. बघा त्या गरीब विधवेनं सगळं टाकलं, मग तुम्ही? आणि लगेच पिशवी फिरायची. श्रीमंताची गोष्ट श्रीमंताला कधी सांगताना मी फारसं ऐकलं नाही. म्हणून तुमच्या विषयात ‘ज्याला पुष्कळ दिलंय’ हा जो नेम आहे ना तो सोडू नका एवढंच, नाहीतर परत गरिबालाच पिळणं होतं.

जुनी_पोथी:
ताई तुमचं म्हणणं शंभर टक्के, आणि त्याला मजकुरातच आधार आहे. मार्क १२ उघडा. विधवेच्या गोष्टीच्या बरोब्बर आधी, ४० व्या वचनात, येशू शास्त्र्यांबद्दल, म्हणजे धर्मशास्त्र शिकवणाऱ्यांबद्दल, काय म्हणतो? लांब लांब प्रार्थना करतात आणि विधवांची घरं गिळतात. आणि पुढच्याच वचनात तो देवळाच्या भांडारासमोर, म्हणजे दानपेटीसमोर, बसलाय आणि एक विधवा येऊन आपली सगळी उपजीविका त्यात टाकते. हे दोन्ही लागून आहेत. मला तर वाटतं ती गोष्ट वाचताना कौतुकाबरोबर थोडी चीडही यायला पाहिजे. देवळाकडनं तिला मिळायला पाहिजे होतं, तीच देवळात टाकतीय.

शब्दाचं म्हणाल तर ‘टोली’ हे आपल्या मराठी बायबलनं ग्रीक लेप्टॉनसाठी घेतलंय, त्या वेळचं सगळ्यात हलकं नाणं. मार्कनं रोमी वाचकासाठी लगेच खुलासा केला की दोन लेप्टा म्हणजे एक क्वाड्रान्स, आणि आपल्या भाषांतरानं तिथं ‘दमडी’ घातलीय, झकास शब्द. ६४ क्वाड्रान्सचा एक दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, मत्तय २० मध्ये द्राक्षमळ्याच्या गोष्टीत आहे ती. आज रोज ६०० धरला तर दोन टोल्या साधारण साडेनऊ रुपये. कटिंग चहा येतो. तिथं मोजमाप किती टाकलं याचं नाहीये, टाकून मागं किती उरलं याचं आहे, आणि ते माप बरं चाललेल्यांना लावलं की आपली सगळ्यांचीच पंचाईत होते, माझी धरून.

हुरडापार्टी:
पण मग मूळ प्रश्न तसाच राहिला की. कारभारी म्हणलं म्हणजे हिशेब आला, नियम आला. सढळपणा कुठं गेला? कारभारी मोजूनच देणार ना.

जुनी_पोथी:
बरोबर पकडलंत. इथं मला कोशापेक्षा आपली बोलीच जास्त कामाची वाटते. मराठीत ‘देणं’ म्हणजे काय? एक म्हणजे दुसऱ्याच्या हातात ठेवणं. आणि दुसरं म्हणजे कर्ज. ‘माझं त्याला देणं आहे’, ‘देणेकरी दारात उभा’, ‘तुझं मी काय देणं लागतो रे’. ‘दान’मध्ये हा दुसरा अर्थ नाही. दान केलं की केलं, विषय संपला, वर पुण्यही जमा. देणं मात्र आधीपासनंच डोक्यावर असतं.

नव्या करारातली पत्रं लिहिणारा पौल नेमका हेच दोन्ही एकत्र बांधतो. यरुशलेमेतल्या गरीब ख्रिस्ती लोकांसाठी तो मासेदोनिया आणि अखया भागातल्या मंडळ्यांकडनं वर्गणी गोळा करत होता. रोमकरांस पत्र १५:२६-२७ बघा, म्हणतो की त्यांना हे बरं वाटलं म्हणून त्यांनी दिलं, आणि लगेच पुढं, ते तर त्यांचे ऋणीच आहेत. खुशीनं दिलं आणि देणं होतं म्हणूनही दिलं. त्याला यात भांडण दिसत नाही. त्याच वर्गणीबद्दल करिंथकरांना दुसऱ्या पत्रात (९:६-७) लिहितो की हात राखून पेरणारा हात राखूनच कापणार, सढळ हाताने पेरणारा सढळच, आणि कोणी कुरकुरत किंवा भाग पडलं म्हणून देऊ नये. ‘हात राखून’ आणि ‘सढळ हाताने’ हे दोन्ही आपल्या भाषांतरातलेच शब्द आहेत, आणि काय बसलेत! सढळ म्हणजे सैल, न आवळलेला. मूठ सैल सोडायची. म्हणजे कर्तव्य हे ‘द्यायचं’ यात आहे आणि औदार्य हे ‘मूठ कशी’ यात आहे. मला तरी असं लागतं.

सरवा_वेचणारी:
देणं वरून आठवलं. आमच्या मंगळवेढ्याकडं ज्वारी काढून झाली की मागं राहिलेली कणसं वेचतात तो सरवा. भुईमुगाच्या शेंगांचापण असतो. रूथच्या पुस्तकात ती मवाबी सून बवाजाच्या शेतात सरवाच वेचते, मराठी बायबलात हाच शब्द आहे, लहानपणी वाचताना लई आपलं वाटायचं. आणि ती बवाजाची मेहरबानी नाही बरं का, बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात सरळ कायदा आहे की शेताच्या कोपऱ्यापर्यंत झाडून कापू नको, सरवा गोळा करू नको, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी सोड. ‘दे’ असं म्हणलेलंच नाही तिथं, ‘सोड’ म्हणलंय. मालकाला हात जोडायला लागत नाहीत, वेचणारी ताठ मानेनं येऊन आपलं घेऊन जाते. मला हा शब्द दान, भिक्षा या सगळ्यापेक्षा चांगला वाटतो.

गड्डायात्रा:
मग बलुतं पण तसंच झालं की, खळ्यावरचा हक्क.

सरवा_वेचणारी:
नाही हो अण्णा. बलुतं हक्क म्हणायचं आणि द्यायचं कसं, तर ज्याची जात खालची त्याला लांब उभा करून. आमच्या घरातली माणसं ख्रिस्ती झाली त्याच्या मागं हेही एक कारण होतंच. सरव्यासाठी रूथला शेतात सगळ्यांबरोबर येऊ दिलं, जेवायला बवाजानं आपल्या माणसांत बसवली. फरक तिथं आहे. बलुत्याचं नाव नका घेऊ यात.

गड्डायात्रा:
पटलं अक्का. मागं घेतो.

शेंगाचटणी:
मोमीन नगरातला माझा मुसलमान मित्र सांगतो त्यांच्यात दोन वेगळे शब्दच आहेत. जकात म्हणजे फर्ज, वर्षभर साठलेल्या शिलकीवर अडीच टक्के, आणि सदका म्हणजे आपल्या खुशीनं कितीही. ख्रिस्ती मराठीत तसं आहे का? दशमांश आणि अर्पण?

जुनी_पोथी:
बोलण्यात आहे तसं, दशमांश ठरलेला आणि त्यावरचं ते अर्पण. पण दशमांश हा जुन्या करारातला शब्द, नव्या करारात पौल वर्गणी मागताना आकडा सांगतच नाही. आकडा सांगितला असता तर बरं झालं असतं असं खाऊनपिऊन सुखी माणसाला वाटतं, दहा दिले की नव्वद आपले. कारभाऱ्याच्या हिशेबात शंभरच्या शंभर मालकाचे, मग ‘किती देऊ’ हा प्रश्न उलटा होतो, ‘किती ठेवू’ असा.

मेथडिस्ट पंथ ज्याच्यापासनं सुरू झाला त्या जॉन वेस्लीनं एका प्रवचनात सांगितलेला हिशेब आहे, तो स्वतःचाच असं मानतात. वर्षाला ३० पौंड मिळत होते तेव्हा २८ मध्ये भागवलं आणि २ दिले. दुसऱ्या वर्षी ६० मिळाले, २८ मध्येच भागवलं आणि ३२ दिले. तिसऱ्या वर्षी ९०, दिले ६२. चौथ्या वर्षी १२०, दिले ९२. पगार वाढला तशी गरज वाढवली नाही. आता अठराव्या शतकातला एकटा माणूस, पोरांच्या फिया नाहीत की होम लोन नाही, तरी इन्क्रिमेंट झालं की आपण आधी गाडी बदलतो हे डोळ्यापुढं आलंच माझ्या. चौथ्या शतकातला धर्मोपदेशक योहान क्रिसोस्टम तर याहून कडक. लाजर नावाचा भिकारी दारात कुजत पडलेला आणि श्रीमंत आत जेवतोय, त्या गोष्टीवर बोलताना तो म्हणतो की आपलं गरिबाला न देणं ही गरिबाची चोरीच. आणि लूक १६ मध्ये त्या श्रीमंतानं काही लुबाडलं, मारलं असं कुठंच लिहिलेलं नाही बघा. फक्त दारातनं जाता येता बघितलं नाही.

चौपाड_ते_चर्च:
हे सांगा पोरांना. हे मी ऐकलं नव्हतं कधी.

हुरडापार्टी:
आणि ते कापणीच्या सणाला लिलाव होतो त्याचं काय? एक भोपळा, एक कोंबडा, आणि बोली चढत जाते, नाव पुकारलं जातं. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये हे वचन त्या दिवशी कुठं जातं?

सरवा_वेचणारी:
अहो लिलावात मज्जा असते, ती नका घालवू 🙂 गरीब माणूस आपली कोंबडी आणतो ती दुप्पट पैशाला जाते तेव्हा त्याला बरं वाटतं. मत्तय ६ मध्ये राग आहे तो कर्णे वाजवून देणाऱ्यांवर, सभास्थानात आणि रस्त्यात. फ्लेक्स लावून वह्या वाटणारे त्यात आले, कोंबडीवाले नाही आले असं माझं मत.

रेल्वेलाइन्सवाला:
सगळ्यांचे लई आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. वाक्य असं केलंय, बघा: “ज्याला पुष्कळ दिलंय त्याचं देणंही पुष्कळ, आणि ते हात न राखता द्यायचं.” विशेषाधिकारप्राप्त गेलं, दान गेलं. कारभाऱ्याची गोष्ट आणि सरवा घेतोय, टोल्या नाही घेत. एक शंका राहिली, आमच्यात निम्मी पोरं नुकती कामाला लागलीत, बारा-पंधरा हजारावर, कोणी विचारलंच की दशमांश कुणाला द्यायचा, चर्चला का गरिबाला, तर?

जुनी_पोथी:
जुन्या करारात अनुवाद नावाचं पुस्तक आहे, त्यातलं १४:२८-२९ वाचून दाखवा. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच साठवून ठेवायचा आणि तो लेवी, परका, पोरका आणि विधवा यांनी पोटभर खायचा, असं आहे तिथं. लेवी म्हणजे देवळातली सेवा करणारे, आपल्या हिशेबात पाळकसाहेब धरा, ते यादीत आहेत, पण एकटे नाहीत. आणि वाक्यातलं ‘देणंही’ मधलं ‘ही’ काढा, त्याशिवाय जास्त ठसतंय.